आरआयएस फाइलने संदर्भ येतात, पण सगळं येत नाही

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांना सीनियर हमखास सांगतात, "एंडनोटमधून आरआयएस फाइल काढ, झोटेरोत टाक, झालं!" एंडनोट आणि झोटेरो ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर; एकातून दुसऱ्यात जाण्याचा हा सल्ला अर्धाच खरा. आरआयएस ही संदर्भांची माहिती नेणारी साध्या मजकुराची फाइल. लेखक, शीर्षक, वर्ष नीट येतं. संदर्भांना जोडलेल्या लेखांच्या पीडीएफ मात्र तिच्या पोटात नसतात. फार तर त्या कुठे ठेवल्या होत्या तो पत्ता असतो, आणि नव्या लॅपटॉपवर तो निरुपयोगी.

त्यापेक्षा एंडनोटमधून एक्सएमएल या दुसऱ्या प्रकारची फाइल काढा, एंडनोटच्या डेटा फोल्डरमधल्या 'पीडीएफ' फोल्डरशेजारी ठेवा आणि मग झोटेरोत घ्या. पीडीएफ सोबत येतात. ग्रुप, म्हणजे तुम्ही पाडलेले संदर्भांचे गट, तरीही येत नाहीत. प्रत्येक ग्रुपची वेगळी फाइल काढायची, हा शुद्ध कंटाळा.

खरी गोम वर्डमध्ये आहे. एंडनोटने प्रबंधात घातलेले संदर्भ झोटेरो ओळखत नाही, ते पुन्हा घालावे लागतात. तेव्हा चौथं प्रकरण अर्ध्यावर असताना कुणी "आजच बदल" म्हणालं, तर खुशाल दुर्लक्ष करा. मेंडेली डेस्कटॉप हे तसलंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं नशीब बरं: झोटेरोतल्या मेंडेली आयातीच्या सोयीने संग्रह आणला, तर वर्डमधले जुने संदर्भ जोडलेले राहतात. आरआयएसने आणला, तर तेही तुटतात.