मिरजेत बसणारा स्क्रू कुपवाडला बनवायचा तर

कोपराखालचं हाड मोडलं की त्यावर धातूची पट्टी ठेवून ती स्क्रूंनी आवळतात. त्या स्क्रूचा बाहेरचा व्यास ३.५ मिलिमीटर, गाभा २.४, आट्यांचं अंतर १.२५ आणि डोक्यात ॲलन कीसाठी असतो तसा २.५ मिलिमीटरचा षटकोनी खड्डा. ही मापं आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहेत. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, सीमेपलीकडून कर्नाटकातले पेशंटही इथेच येतात. शेजारी कुपवाड एमआयडीसीत वाहनांचे आणि पंपांचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबात करणारी माणसं आहेत. किर्लोस्करवाडीची उद्योगवसाहत तर १९१० पासून याच सांगली जिल्ह्यात. मग असा स्क्रू इथल्या एखाद्या कारखान्याला करायचा असेल, तर नेमकं काय काय लागेल?

आधी देशाचं चित्र. भारतात लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी, किमतीच्या हिशेबाने, साधारण ७० ते ८० टक्के बाहेरून येतात. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाने हा उद्योग ११ अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ५० अब्ज डॉलरवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्याआधी २०२० मध्ये उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनासाठी ३,४२० कोटी रुपयांची योजना आली. चार उपकरण पार्क मंजूर झाले ते हिमाचल प्रदेश, तमिळनाडू, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात. महाराष्ट्र त्यात नाही. आयातीत एमआरआय, सीटी, एंडोस्कोप अशी महागडी यंत्रं जास्त. सिरिंज, स्टेंट, हाडांच्या पट्ट्या आणि स्क्रू देशात बनतातच. म्हणून लेथवर हात बसलेल्या जिल्ह्याने सुरुवात करायची तर इथूनच करावी, असं आमचं मत आहे.

पहिली ठेच मालाच्या खरेदीत लागते. बाजारात '३१६एल' म्हणून मिळणारं स्टेनलेस स्टील हाडात चालत नाही. साध्या ३१६एलमध्ये निकेल १० टक्क्यांपर्यंत खाली असलं तरी चालतं आणि गंधक ०.०३ टक्क्यांपर्यंत. शरीरात बसवायच्या स्टीलमध्ये निकेल १३ ते १५ टक्के हवं आणि गंधक फार तर ०.०१. गंधकाचे संयुग-कण पृष्ठभागावर उघडे पडले की शरीरातल्या खारट द्रवात तिथूनच बारीक खड्डे पडायला लागतात. म्हणून हे स्टील निर्वातात पुन्हा वितळवून शुद्ध करतात. पण गंधक कमी झालं की कटिंग अवघड होतं. चिप, म्हणजे निघालेला धातूचा कीस, तुटत नाही, कापणाऱ्या टूलला चिकटते, आणि टूल घासत राहिलं तर जॉबची, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्याची, कातडी कडक होऊन पुढचा कट आणखी बिघडतो. टायटॅनियम घेतलं तर वेगळं दुखणं. त्यातून उष्णता वाहून जात नाही, ती टूलच्या टोकावरच साठते. तिथे वेग कमी, कूलंट (थंड ठेवणारा द्रव) भरपूर आणि टूल धारदार लागतं. टायटॅनियमचा बारीक चुरा पेट घेतो, त्यामुळे तो वरचेवर काढून वेगळा ठेवावा लागतो.

साध्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर इतका बारीक बार टूलच्या दाबाने वाकतो. त्यासाठी स्लायडिंग हेड मशिन वापरतात. त्यात टूलच्या अगदी जवळ गाइड बुश बार धरून ठेवतो आणि बारच पुढे सरकतो. आटे व्हर्लिंगने पाडतात, म्हणजे आतल्या बाजूला दात असलेली कडी बारभोवती वेगाने फिरते आणि पूर्ण खोलीचा आटा एका फेरीत निघतो. इथपर्यंतचं काम कुपवाडचा कसलेला ऑपरेटर थोड्या सरावाने शिकेल.

खरी अडचण पुढे आहे. ज्या मशिनवर सकाळी साध्या लोखंडाचे जॉब झाले, त्याच मशिनवर दुपारी हे स्टील लावलं तर कूलंटमधले लोखंडाचे कण स्क्रूच्या पृष्ठभागात रुततात. डोळ्यांना काही दिसत नाही. शरीरात मात्र ते कण गंजतात. म्हणून मशिन, टाकी, ट्रे, बर (कडेचे खरखरीत कण) काढायचा ब्रश सगळं वेगळं हवं. षटकोनी खड्ड्याच्या तळाशी तेल आणि चिपचा तुकडा हमखास अडकतो. ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक टाकीत खड्ड्यात हवा न अडकता द्रव भरेल आणि नंतर निथळेल अशी जाळी केली नाही तर घाण तिथेच राहते आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, भाजून पक्की बसते.

मग येतं पॅसिव्हेशन. २० ते ४५ टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये किमान अर्धा तास बुडवलं की मोकळं लोखंड विरघळतं आणि क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर नीट बसतो. स्क्रू तेलकट राहिला असेल तर ॲसिड तिथे पोचतच नाही. लेसरने नंबर कोरायचा तो याआधी, कारण लेसरच्या आचेने हा थर मोडतो. क्रम उलटा झाला तर गंज नंबरापासूनच सुरू होतो. काम जमलं की नाही हे नमुन्याच्या तुकड्यावर मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणाने कळतं. तासगावच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी आणतात तोच मोरचूद. सहा मिनिटं तुकडा ओला ठेवायचा. जिथे मोकळं लोखंड उरलंय तिथे तांब्याचा लालसर डाग उमटतो. तो तुकडा मग पेशंटसाठी वापरायचा नाही.

कागदांचं काम याहून मोठं. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. हाडात राहणारा स्क्रू 'सी'मध्ये येतो, त्याचा परवाना केंद्रीय औषध नियंत्रकांकडून घ्यावा लागतो आणि तो सक्तीचा आहे. बारचा हीट नंबर (तो धातू कुठल्या वितळीतून आला त्याचा क्रमांक), मशिन, ऑपरेटर, ॲसिडची टाकी, तपासणी हे सगळं प्रत्येक बॅचला जोडलेलं दिसलं पाहिजे. स्क्रू पिळून तोडून बघावा लागतो, पेशींवरची चाचणी करून घ्यावी लागते. वाहन उद्योगात नमुना पास झाला की लाखभर नग सुटतात. इथे प्रत्येक बदलाला, अगदी साबण बदलला तरी, तो का चालेल याचा पुरावा ठेवावा लागतो. नव्या कारखान्याला याला लागणारा वेळ आणि पैसा आधीच धरता आला पाहिजे.

पैशाचं गणितही निराळं. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूत १० ते ४० मिलिमीटर लांबी दर दोन मिलिमीटरला घेतली तर सोळा आयटम होतात. सर्जनला आयत्या वेळी कुठला लागेल सांगता येत नाही, म्हणून अख्खा सेट हॉस्पिटलमध्ये ठेवावा लागतो आणि बिल होतं फक्त वापरलेल्या स्क्रूंचं. माल महिनोन्महिने रॅकमध्ये पडून राहतो, बँकेचं व्याज मात्र थांबत नाही. छोटे कारखाने गुणवत्तेआधी इथे मोडतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून स्क्रूच्या मागे लागू नये. ट्रे, हँडल यांसारखी 'ए' वर्गातली साधी, निर्जंतुक न करता विकली जाणारी आणि मोजमाप न करणारी साधनं आधी करावीत. २०२२ पासून त्यांना परवान्याऐवजी नोंदणी पुरते. त्यात धुलाई, बॅच आणि नोंदवहीची सवय लागते आणि ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांशी बोलणं सुरू होतं.

त्या बोलण्यात एक गोष्ट मागून घ्यावी. एकाच रॅकमध्ये वेगवेगळ्या बॅचचे, कधी वेगवेगळ्या कंपन्यांचे स्क्रू मिसळलेले असतात, त्यामुळे एखादा पेशंटच्या शरीरात तुटला तर तो कुठल्या हीटचा हे शोधता येत नाही. बसवतानाच बॅच नंबर केसपेपरवर चिकटवावा. तुटलेला तुकडा फेकून न देता पिशवीत ठेवावा, उत्पादकाला कळवावं आणि २०१५ पासून देशात चालू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडेही नोंदवावं. तुटलेल्या तोंडावर सूक्ष्मदर्शकाखाली समांतर बारीक रेघा दिसल्या तर धातू वारंवारच्या ताणाने थकला, म्हणजे बहुधा हाड वेळेत जुळलं नव्हतं. पीळ दिसला तर स्क्रू बसवताना जास्त आवळला गेला, आणि खड्डे दिसले तर ॲसिडच्या टाकीची नोंदवही उघडायची.