सेन्सरचं तोंड कुणीकडं?

राधानगरी अभयारण्याच्या कडेच्या गावांत उसाच्या फडात गवा शिरणं नवलाचं राहिलेलं नाही. समजा, अशाच एका अडीच एकरांच्या, म्हणजे 100 गुंठ्यांच्या रानावर नजर ठेवायला छोटे बिनतारी सेन्सर लावायचे आहेत. प्रत्येकात बॅटरी, रेडिओ आणि कॅमेरा. गवा दिसला की एका सेन्सरनं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला कळवत निरोप घरी पोचवायचा. असे किती सेन्सर लागतील?

आवाज टिपणारा सेन्सर चहूबाजूंनी ऐकतो. त्याचा पल्ला 20 मीटर धरला, तर बारा गुंठ्यांहून जास्त जागा त्याच्या कानाखाली येते. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याला तोंड असतं. बघण्याचा कोन 60 अंश असेल, तर त्याच पल्ल्यात त्याच्या वाट्याला भाकरीचा फक्त सहावा तुकडा येतो, दोन गुंठ्यांहून किंचित जास्त.

सरळ भागाकार केला तर सुमारे 48 कॅमेरे पुरतील असं वाटतं. पण ते जमेल तिथं, जमेल तसं तोंड करून लावले, तर नजरेचे तुकडे एकमेकांवर चढतात. एखादी जागा एका कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटण्याची शक्यता 97.9 टक्के आहे. तीच जागा 48 च्या 48 कॅमेऱ्यांकडून सुटण्याची शक्यता काढायची, तर 0.979 चा 48 वा घात घ्यायचा. उत्तर येतं सुमारे 0.36. म्हणजे 36 गुंठे उघडेच! 90 टक्के रान झाकायला जवळजवळ 110 कॅमेरे लागतात. बांधावरचे काही कॅमेरे शेजाऱ्याच्या रानात बघत बसतील, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

म्हणून मला वाटतं, कॅमेरे वाढवण्याआधी असलेले वळवून बघावेत. पण कुठला किती वळवायचा? 20 कॅमेरे आणि प्रत्येकाला सहा दिशा धरल्या, तरी मांडण्यांची संख्या 36 वर 14 शून्यं इतकी होते. कमीत कमी सेन्सर जागे ठेवून जास्तीत जास्त जागा कशी झाकायची, हा प्रश्न जिंग आय आणि अल्हुसेन अबुझैद या संशोधकांनी 2006 साली मांडला आणि तो एनपी-कठीण असल्याचं दाखवलं. प्रश्न मोठा झाला की हमखास सर्वोत्तम उत्तर लवकर काढून देणारी रीत अशा प्रश्नांना कुणालाही सापडलेली नाही. मग कामचलाऊ रीत वापरतात: एकेक कॅमेरा घ्यायचा आणि जिकडं सर्वांत जास्त न झाकलेली जागा दिसेल तिकडं त्याचं तोंड करायचं. इतकी साधी रीत, तरी सर्वोत्तम मांडणी जेवढी जागा झाकेल तिच्या निम्म्याहून कमी ती कधीच झाकत नाही, हे गणितानं सिद्ध आहे. दोन कॅमेरे एकच जागा बघत असतील तर त्यांना आळीपाळीनं झोपवायचं. बॅटरी जास्त दिवस टिकते.

नुसतं दिसणं मात्र पुरत नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेल्यांना हे सांगायला नको. पैलवान चीत झाला की नाही हे एका बाजूला बसलेल्याला लख्ख दिसतं, समोरच्याला फक्त वरच्या गड्याची पाठ दिसते. गोल हौदाभोवती चारी बाजूंनी माणसं बसलेली असतात, म्हणून कुठल्या ना कुठल्या डोळ्याला खरं काय ते दिसतंच. यी वांग आणि गुओहाँग काओ यांनी 2011 मध्ये कॅमेऱ्यांसाठी हीच अट गणितात बसवली: माणसानं कुठंही तोंड फिरवलं तरी त्याचा चेहरा जवळपास समोरून बघणारा एक तरी कॅमेरा हवा. गव्यासाठी एवढी गरज नाही, पण कुणी तरी रात्री मोटारपंप उचलून नेत असेल तर आहे.

आणि अडथळे! अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून देवीपर्यंत पोचायची, तर वाटेतल्या इमारती आड येता कामा नयेत. कॅमेऱ्याची नजरही अशीच सरळ रेषेत जाते. फरक इतकाच की शेतातला अडथळा वाढत राहतो. लागणीनंतर गुडघ्याएवढ्या उसात वीस मीटर बघणारा कॅमेरा, ऊस डोक्यावर गेला की समोरच्या सरीपलीकडं काही बघू शकत नाही. तेव्हा त्याला उंच खांबावर चढवायचं, नाही तर बांधाकडं वळवून गवा आत शिरतो ती वाटच धरायची.