जनरेटर रात्रभर नको, पहाटे तीन तास चालवा

सिमरोल-चोरलच्या बाजूला जमीन घेऊन लहानसं घर बांधायचं आणि विजेचे खांब तिथवर पोचलेले नाहीत, अशा वेळी इंदूरकर सहसा छतावर सोलर आणि मागच्या अंगाला जनरेटर असा बेत करतात. बेत उत्तमच आहे. घोळ होतो तो कुणी कधी राबायचं यात.

माळव्यात उन्हाला तोटा नाही. स्वच्छ दिवशी एक किलोवॉटची पॅनेल चार-साडेचार युनिट वीज देतात. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की तीच पॅनेल एक-दोन युनिटांवर येतात. तेवढ्या दिवसांसाठी तिप्पट पॅनेल लावणं मला पटत नाही, कारण वर्षभर ती वीज वाया जाणार. झडीच्या दिवसांत जनरेटरच हवा.

पण कसा चालवायचा? रात्री दोन पंखे आणि चार एलईडी दिवे, म्हणजे जेमतेम 200 वॉट. त्यासाठी तीन केव्हीएचं (साधारण 2400 वॉट देणारं) डिझेल इंजिन धडधडत ठेवलं तर ते पुरतं तापतच नाही. डिझेल अर्धवट जळतं, काजळी साचते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळं चिकट तेल ओघळू लागतं. मेकॅनिक आधी तिथेच बोट फिरवून बघतो. डिझेल इंजिनाला 70-80 टक्के लोड मानवतो. लोड नगण्य असला तरी ते डिझेल पीतच राहतं.

म्हणून रात्र बॅटरीवर काढा आणि जनरेटर पहाटे लावा. 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती लेड-अ‍ॅसिड बॅटरी, साधारण 15 अँपिअरने चार्ज करतात. ती निम्मी उतरली असेल तर तीन तासांत 80 टक्क्यांपर्यंत येते. चार बॅटऱ्यांचा संच असेल तर चार्जर 800 वॉटच्या आसपास ओढतो. सोबत टाकी भरायला एक एचपीचा पंप लावला की जनरेटरला हवा तसा लोड मिळतो. मात्र पंप सुरू होताना काही क्षण कित्येक पट करंट मागतो, तेवढा झटका जनरेटरला पेलला पाहिजे. शेवटच्या 20 टक्क्यांना बॅटरी करंट हळूहळूच घेते, त्याला कित्येक तास लागतात. त्यासाठी डिझेल जाळण्यात अर्थ नाही. ढगांतून झिरपणारं ऊनही त्या कामाला चालतं. तरी अधूनमधून बॅटरी पूर्ण भरू द्याच, नाहीतर प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियम बॅटरीला ही अडचण नाही.

खरेदी करताना एक बघाच. शहरातल्या घरावर लावतात तो ग्रिडवाला इन्व्हर्टर ग्रिड, म्हणजे वीज कंपनीची लाइन, नसेल तर बंदच पडतो, त्यामुळे इथे ऑफग्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असेल तर जनरेटरसाठी ते नॉर्मलवर ठेवा. जनरेटरचं व्होल्टेज खालीवर झालं की यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर ती वीज घेतच नाही. आणि पाऊस कितीही असो, जनरेटर खोलीत किंवा बंद पडवीत कधीच चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत तो कळतही नाही. वर पत्रा टाका, चारी बाजू मोकळ्या ठेवा.