पाळण्यातले पाय आणि जन्मतारखेचा रकाना

कॅनडात अल्बर्टा प्रांताच्या दक्षिणेला लेथब्रिज नावाचं शहर आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. रॉजर बार्नस्ली हे मानसशास्त्रज्ञ घरच्या मंडळींना घेऊन 'लेथब्रिज ब्रॉन्कोज' या तिथल्या ज्युनियर संघाचा आइस हॉकी सामना बघायला गेले होते. त्यांच्या पत्नी पॉला हातातलं माहितीपत्रक चाळत होत्या. खेळाडूचं नाव, उंची, वजन, जन्मतारीख. चाळता चाळता त्या थबकल्या. ही पोरं जानेवारी, फेब्रुवारी नाहीतर मार्चमध्येच कशी काय जन्मली? त्यांनी नवऱ्याला दाखवलं. रॉजर यांनी मग हाती लागतील तेवढ्या संघांच्या याद्या काढल्या, तर तिथेही तेच. १९८५ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि 'सापेक्ष वयाचा परिणाम' या विषयाने क्रीडाविज्ञानात पाय रोवले.

त्या काळीही अशा सामन्यांना पारखी नजरेची माणसं येऊन बसत, वह्या भरभरून टिपणं काढत. त्यांच्या डोळ्यांसमोरची ही गोष्ट सापडली ती मात्र बर्फाकडे न बघता कागद वाचणाऱ्या बाईंना.

या पारखी माणसांना स्काउट म्हणतात. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे ३२ संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या सोहळ्यात, सात फेऱ्यांत मिळून सव्वादोनशेच्या आसपास मुलं निवडतात. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत वयाची १८ वर्षं पूर्ण करणारी ही मुलं. त्यातली बरीचशी येतात कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमधून, जिथे १६ ते २० वयाची पोरं खेळतात. म्हणजे काम असं, की सतरा वर्षांच्या मुलाकडे बघायचं आणि तो पंचविसाव्या वर्षी कसा खेळेल ते सांगायचं. आमच्याकडे स्थळं बघायला येणारे पाहुणेसुद्धा एवढं धाडस करत नाहीत.

मध्यंतरी भाचीकडे ओंटारियोत गेलो होतो, तेव्हा किचनरच्या रिंकमध्ये असा एक सामना बघायचा योग आला. आत शिरल्याबरोबर गार हवा आणि पॉपकॉर्नचा वास. भाचीच्या नवऱ्याने वरच्या रांगेतल्या चार-पाच माणसांकडे बोट दाखवलं. "मामा, ते स्काउट." गोल झाला की सगळं स्टेडियम उभं राहायचं आणि ही मंडळी मान खाली घालून काहीतरी लिहीत असायची. मला वाटलं, गोलच टिपत असतील. नंतर कळलं की बहुधा गोल सोडून बाकी सगळं टिपत असावेत.

का, ते थोड्या आकडेमोडीने दिसतं. आइस हॉकीत प्रत्येक संघाचे एका वेळी पाच स्केटर आणि एक गोलकीपर बर्फावर असतात. खेळ इतका दमवणारा की ४०-५० सेकंद जीव तोडून पळायचं, की बाहेर बाकावर; याला शिफ्ट म्हणतात. ६० मिनिटांच्या सामन्यात चांगल्या खेळाडूच्या वाट्याला बर्फावरची वीस-बावीस मिनिटं येतात आणि त्यातही पक, म्हणजे ती रबरी चकती, त्याच्या स्टिकवर जेमतेम मिनिट-दीड मिनिट असते.

आता दोन काल्पनिक मुलं घेऊ. पहिला खरोखर चांगला: सामन्यात चार फटके मारतो आणि प्रत्येक फटक्याचा गोल होण्याची शक्यता १२ टक्के. दुसरा सुमार: दोनच फटके, शक्यता ८ टक्के. एका सामन्यात पहिल्याचा एकही गोल न होण्याची शक्यता किती? ०.८८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६० टक्के. दुसऱ्याचा एखादा तरी गोल होण्याची शक्यता १५ टक्के. सगळी गणितं मांडली तर चांगला मुलगा सुमारापेक्षा जास्त गोल करताना दिसतो फक्त ३५ टक्के सामन्यांत. नऊ टक्के सामन्यांत सुमार मुलगाच भारी ठरतो आणि उरलेल्या निम्म्याहून अधिक सामन्यांत दोघे बरोबरीत! एका संध्याकाळच्या गोलफलकावर विसंबून जो मत बनवतो, तो नाणं उडवणाऱ्यापेक्षा फार शहाणा नाही.

त्या रात्री किचनरमध्ये माझ्या डोळ्यांदेखत हेच घडलं. पाहुण्या संघाच्या एका उंच पोराने दोन गोल केले. त्यातला एक तर कुणाच्या तरी फटक्यावरून त्याच्या नडगीला आपटून आत गेला होता. लोक नाव घेऊन ओरडत होते. दुसरीकडे यजमान संघाचा एक बुटकासा बचावपटू होता. पक कोपऱ्यात गेला, तो त्याच्या मागे निघाला, पाठीवर दोन धिप्पाड विरोधी खेळाडू. पकपर्यंत पोचायच्या आधी त्याने डाव्या खांद्यावरून एकदा मागे पाहिलं, मग उजव्या. पोचताना वेग किंचित कमी केला. पहिला विरोधक धडक द्यायला आला, तेव्हा याने फक्त कंबर वळवली. तो काचेवर जाऊन आदळला आणि याने न बघता पक मधल्या मोकळ्या सहकाऱ्याकडे सरकवला. सगळं मिळून तीन सेकंद. गुणपत्रकात याची नोंद शून्य. वरच्या रांगेत मात्र दोन पेनं चालू झाली.

खांद्यावरून मागे बघणं ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट स्काउट अक्षरशः मोजतात. कारण तिचं नशिबाशी देणंघेणं नाही. गोल सामन्यात एखादा; असे निर्णय मात्र एका सामन्यात कितीतरी घ्यावे लागतात. नमुना मोठा झाला की योगायोगाचा गोंगाट आपोआप खाली बसतो. शिवाय ही सवय बुद्धीबद्दल काहीतरी सांगते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळावर एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पट काही सेकंद दाखवून झाकला, तर निष्णात खेळाडूंना खऱ्या डावातल्या सोंगट्यांच्या जागा नवशिक्यांपेक्षा कितीतरी जास्त आठवल्या. सोंगट्या वाटेल तशा मांडल्या, तेव्हा ती आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे स्मरणशक्ती जादूची नव्हती, ते पटावर ओळखीचे आकृतिबंध वाचत होते. हॉकीवाले ज्याला 'हॉकी सेन्स' म्हणतात तो याच जातीचा असावा असं मला वाटतं. खांद्यावरून टाकलेल्या दोन नजरांत त्या पोराने आख्खा पट वाचला होता.

स्केटिंगचं काय, असं कुणीही विचारेल. ते तर सगळ्यांत आधी दिसतं. गुडघा किती वाकतो ते बघायचं: जितका खोल बसाल तितकी पायाला बर्फ ढकलायला लांबी जास्त, म्हणून प्रत्येक ढकलीतून मिळणारा वेग जास्त. ताठ पायांचा मुलगा चटकन ओळखू येतो. पण हे शिकवता येतं, आणि इथेच अनेकांचे अंदाज चुकले आहेत. ल्यूक रोबिताय याच्या स्केटिंगवर लोक नाकं मुरडत. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये तो थेट १७१व्या क्रमांकावर गेला आणि कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ६६८ गोल होते. ब्रेडन पॉइंट हा लहानखुरा मुलगा २०१४ मध्ये ७९वा निवडला गेला. पुढे टॅम्पा बे संघात त्याने बार्बरा अंडरहिल यांच्याकडे स्केटिंगवर मेहनत घेतली. या बाई १९८४ च्या जोडी फिगर स्केटिंगच्या विश्वविजेत्या. पॉइंटने दोनदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं आणि २०२२-२३ च्या मोसमात ५१ गोल केले.

आता पॉलाबाईंच्या रकान्याकडे. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात खेळतात. नऊ वर्षांच्या पोरांत एक वर्षाचा फरक म्हणजे आयुष्याचा नववा हिस्सा. थोरला उंच, दणकट, शिवाय सूचना नीट ऐकणारा. प्रशिक्षकाला तो 'गुणी' वाटतो, निवडक संघात जातो, तिथे चांगलं प्रशिक्षण, जास्त सामने, जास्त बर्फ. चार वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. सुरुवातीला फक्त वाढदिवसाचा फरक होता, तो पुढे कौशल्याचा होऊन बसतो. वयात येण्याची वेळ यात आणखी भर घालते: मुलग्यांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास येतो, पण कुणाचा बाराव्या वर्षी तर कुणाचा सोळाव्या. वरच्या दर्जाच्या ज्युनियर संघांत ढोबळमानाने ४० टक्के मुलं पहिल्या तिमाहीत जन्मलेली आणि शेवटच्या तिमाहीतली १० टक्के, असं चित्र बार्नस्लींच्या आकड्यांतून पुढे आलं. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण पाळणा कोणत्या महिन्यात हलला हे आधी विचारावं.

बरं, हे १९८५ पासून ठाऊक आहे, तर लाखो डॉलर पगार देणारे एनएचएलचे संघ तरी शहाणे झाले असतील ना? रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००६ या काळात ड्राफ्ट झालेल्या कॅनडियन खेळाडूंचा हिशेब मांडून २०१३ मध्ये उत्तर दिलं: नाही. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं त्यांच्या पुढच्या कामगिरीवरून जिथे निवडली जायला हवी होती, त्यापेक्षा ४० हून अधिक क्रमांक मागे निवडली गेली. आणि ४०० सामने किंवा गोल-पास मिळून २०० गुण असे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता जानेवारी-मार्चवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. गाळणीतून खालच्या बाजूने जे तगून आले, ते तावूनसुलाखून निघाले होते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

यात एक मेख आहे आणि ती मला फार आवडते. वयोगटाची रेघ १ जानेवारीला, ड्राफ्टची मात्र १५ सप्टेंबरला. म्हणून कॉनर मॅकडेव्हिड (जन्म १३ जानेवारी १९९७) २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. ऑस्टन मॅथ्यूज त्याच वर्षीचा, पण जन्म १७ सप्टेंबरचा. रेघ दोन दिवसांनी हुकली आणि तो २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. म्हणजे ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा लहानपणी गटात धाकटा असतो आणि ड्राफ्टच्या वर्षी एकदम थोरला होतो, खात्यावर ज्युनियरचं एक जास्तीचं वर्ष घेऊन. तरीही डीनर यांच्या हिशेबात शेवटच्या तिमाहीतली ही मुलंसुद्धा मागेच राहिलेली आहेत. लहानपणी बसलेला 'धाकटा' हा शिक्का सतराव्या वर्षीही पुसला जात नाही, असंच दिसतं.

एका सामन्याचा गोंगाट टाळायचा तर आख्ख्या मोसमाचे गुण घ्यावेत. आइस हॉकीत गोलला एक गुण आणि गोलकडे नेणाऱ्या पासलाही एक. पण लीग-लीगमध्ये फरक असतो. गॅब्रिएल देजार्दाँ यांनी त्यासाठी एक पद्धत लोकप्रिय केली: एका लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या खेळाडूंचे आधीचे आणि नंतरचे गुण ताडून रूपांतराचा आकडा काढायचा. ओंटारियोच्या ज्युनियर लीगसाठी तो साधारण ०.३ धरतात. समजा, एखाद्या मुलाने ६८ सामन्यांत ९० गुण केले. तर एनएचएलच्या ८२ सामन्यांत त्याचे होतील अंदाजे ३३. हा आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नाही. शेजारी खेळणारा मुलगाच असामान्य असेल, तर याचे गुण त्याच्या जिवावरचे असू शकतात. गोलकीपर तर या हिशेबात बसतच नाहीत; ते इतके उशिरा पिकतात की भल्याभल्यांनी हात टेकले आहेत.

मग मुलांना प्रयोगशाळेतच का मोजू नये? मोजतात की. ड्राफ्टच्या आधी निवडक मुलांना बोलावून सायकलवर ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, उंच उडी, पकडीचा जोर, पुलअप असं सगळं तपासतात. एकच गोष्ट तिथे होत नाही, ती म्हणजे स्केटिंग! २०१४ मध्ये सॅम बेनेट या मुलाला तिथे एकही पुलअप मारता आला नाही. पेपरांत केवढी चर्चा. २०२५ च्या स्टॅनले कप प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक घेताना त्याला तो हातांनी सहज उचलता आला, एवढंच मी नोंदवतो.

माझी सर्वांत आवडती गोष्ट रशियातली आहे. डेट्रॉइट रेड विंग्ज संघाचे युरोपातले स्काउट हाकान अँडरसन १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिमित्री कालिनिन नावाच्या बचावपटूला बघायला गेले होते. त्याच्यासाठी तिकीट काढलेलं, त्याच्यासाठी वही उघडलेली. पण समोरच्या संघातला एक बारकेला पोरगा सारखा पक हिसकावून नेऊ लागला, आणि अँडरसन यांची नजर कालिनिनवरून ढळली. पोराचं नाव पावेल दात्स्युक. वय वर्षं एकोणीस, जन्म २० जुलै. याआधीच्या दोन ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नव्हतं. पुन्हा एकदा बघावं म्हणून अँडरसन विमानात जाऊन बसले. त्याच विमानात सेंट लुईस संघाचाही एक स्काउट होता. बाहेर हिमवादळ सुरू झालं आणि विमान रद्द झालं.

१९९८ च्या ड्राफ्टमध्ये कालिनिन १८वा गेला. डेट्रॉइटने दात्स्युकला सहाव्या फेरीत उचललं, १७१व्या क्रमांकावर, म्हणजे रोबितायचाच आकडा. दोन स्टॅनले कप जिंकून तो २०२४ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. सेंट लुईसच्या त्या स्काउटने दात्स्युकचा खेळ डोळ्यांनी पाहिलाच नाही, असं अँडरसन यांना वाटतं.