सोबतचे आजार आणि फ्रेल्टी: ट्रान्सप्लांटआधीचा नेहमीचा घोळ

‘सगळे रिपोर्ट क्लिअर आहेत, मग बाबांच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटला (बीएमटी) अडचण काय?’ असं घरच्यांनी विचारलं तर समजू शकतं. पण रेफरलच्या चिठ्ठीवरही ‘वय ६८, इको नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल, फिट फॉर बीएमटी’ एवढंच खरडलेलं असतं तेव्हा डोकं फिरतं. इको हृदयाबद्दल सांगतो, क्रिएटिनिन किडनीबद्दल. बाबांबद्दल, म्हणजे त्यांच्या फ्रेल्टीबद्दल (अंगातली ताकद किती खचलीय याबद्दल), त्या चिठ्ठीत काहीच नाही.

सोबतचे आजार ही बाजू सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती भरभर उरकतो. ते मोजायला एचसीटी-सीआय हा स्कोअर वापरतात. सिअॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या मोहम्मद सोरोर यांनी तो २००५ साली मांडला. एकूण १७ नोंदी: औषध लागणाऱ्या मधुमेहाला १ गुण, आमवातासारख्या आजाराला २, पूर्वी होऊन गेलेल्या कॅन्सरला ३. बेरीज ३ किंवा जास्त झाली की जोखीम वरच्या गटात. ज्याची घरोघरी धास्ती असते ते ब्लडप्रेशर या यादीत नाहीच. फुप्फुसांची पीएफटी (फुंकून श्वासाची ताकद मोजणारी तपासणी) मात्र भल्याभल्यांचे गुण वाढवते.

आणि वय? २०१४ साली वय जोडलेला स्कोअर आला, त्यात चाळिशी गाठली की १ गुण मिळतो. ४१ वर्षांच्या माणसाला जेवढा, तेवढाच ७१च्या आजोबांना. एमडीएस (मॅरोत रक्तपेशी नीट तयार न होणं) या आजारात ५० ते ७५ वयाच्या पेशंटांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. दाता मिळालेल्या (म्हणजे ट्रान्सप्लांट शक्य असलेल्या) गटात तीन वर्षांनी ४७.९ टक्के पेशंट हयात होते, दाता न मिळालेल्या गटात २६.६ टक्के. तरीही ‘पासष्टी झाली, आता नको’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायचा मी सोडून दिलाय.

खरा घोळ पुढे आहे. फ्रेल्टी हा अठरावा आजार नव्हे. मोठा धक्का बसल्यावर सावरायला शरीरात शिल्लक किती आहे, हे ती सांगते. सगळे अवयव आपापल्या तपासणीत पास होऊनही ही शिल्लक तुटपुंजी असू शकते, कारण आपल्या बहुतेक तपासण्या माणूस आडवा किंवा बसलेला असताना होतात. ट्रान्सप्लांट मात्र त्याला महिनोन्‌महिने राबवतं. तोंड सोलवटलेलं असताना खायचं, तापात संडासापर्यंत चालायचं. जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) झाला तर स्टिरॉइड सुरू होतात, आणि ते सगळ्यात आधी मांड्यांचे स्नायू खातात. आधीच खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणारा माणूस मग उठतच नाही.

म्हणून तपासायचं ते साधं आहे. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला लावा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर कान टवकारा. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगा. सहा महिन्यांत वजन किती उतरलं ते विचारा. तीन शब्द लक्षात ठेवायला देऊन घड्याळाचं चित्र काढून घ्या. यावर निवृत्त मुख्याध्यापक हमखास भडकतात. भडकू देत, पण काढून घ्या.

यातला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात आळशीपणे भरला जाणारा भाग म्हणजे रोजच्या व्यवहारांची प्रश्नावली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे, प्रवास, औषधं, पैसे. शिकागो विद्यापीठातल्या गटाने २०१४ साली पन्नाशीपुढच्या २०३ पेशंटांचा अभ्यास छापला. या व्यवहारांत अडणाऱ्यांचं आणि हळू चालणाऱ्यांचं आयुष्य ट्रान्सप्लांटनंतर कमी भरलं. कारण उघड आहे. घरी गेल्यावर टॅक्रोलिमसची (जीव्हीएचडी रोखणाऱ्या औषधाची) वेळ सांभाळायची असते, बुरशीवरच्या गोळीने त्याची रक्तातली पातळी वर जाते म्हणून डोस बदलत राहतो, रात्री ताप आला तर सकाळची वाट न बघता निघायचं असतं.

आता आपल्याकडची गोची. ‘स्वयंपाक करता का?’ ‘नाही.’ ‘कपडे धुता का?’ ‘नाही.’ झाले दोन गुण कमी! अहो, आजोबांनी जन्मात कधी चहा केलेला नाही, त्याला फ्रेल्टी कसं म्हणायचं? उलट ‘औषधं स्वतः घेता का?’ वर ते ‘हो’ म्हणतात, आणि मागून सूनबाई डोळ्यांनी सांगते की डबी तीच भरते. प्रश्न असा हवा: ‘वर्षापूर्वी करत होता आणि आता सोडलं, असं काय काय आहे?’ बँकेत जाणं, भाजी आणणं, नातवाला शाळेत सोडणं. उत्तर पेशंटकडून घ्या. मुलगा मध्येच ‘बाबा एकदम फिट आहेत हो’ म्हणाला तर त्याला बाहेर चहाला पाठवा. आणि खुर्चीत बसल्या बसल्या ‘ईसीओजी १’ (पेशंट किती हिंडता-फिरता आहे याचा ढोबळ आकडा) लिहून मोकळं होणं बंद करा. (ईसीओजी की तसलीच दुसरी मोजपट्टी कार्नोफ्स्की, यावर भांडू नका. एकाचे आकडे ० पासून चढत जाऊन घसरण दाखवतात, दुसऱ्याचे १०० पासून उतरत.)

दोन काल्पनिक पेशंट घ्या, दोघंही ६७चे. एकाला पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत: वय न धरता स्कोअर ४. पण तो रोज मंडईत जातो, रिटर्न स्वतः भरतो. दुसऱ्याचा स्कोअर शून्य. मात्र सहा किलो वजन उतरलंय आणि जिना चढणं सुटलंय. कागदावर दुसरा सरस. मला काळजी दुसऱ्याची जास्त वाटते, पण हात घालायला वावही त्याच्याकडेच जास्त आहे. पहिल्याचा जुना कॅन्सर कोणी पुसू शकत नाही. दुसऱ्याला फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि निम्म्या नको असलेल्या गोळ्या बंद करणारा डॉक्टर मिळाला तर काही आठवड्यांत फरक पडू शकतो. शिवाय त्याचं हिमोग्लोबिन ७ असेल तर तो हळू चालणारच. अशा वेळी रेमिशन आल्यावर (आजार आटोक्यात आल्यावर) पुन्हा मोजायचं, पहिल्याच आकड्यावर काट मारायची नाही.

मायलोमात (मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरमध्ये) स्वतःच्याच पेशी परत देतात, त्यात जीव्हीएचडी नसल्यामुळे हिशेब सौम्य आहे. तिथे फ्रेल्टी दिसली तर मेल्फालान या केमोच्या औषधाचा डोस २०० ऐवजी १४० करण्याचा मधला मार्गही असतो.

आता वेळेचं. ही तपासणी अॅडमिशनच्या आदल्या आठवड्यात करून काही हाती लागत नाही, तेव्हा फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. पहिल्या केमोच्या सुमारास केली तर दोन-तीन सायकलींचा काळ हाताशी असतो. रेमिशन मिळाल्यावर मात्र ‘आधी ताकद येऊ दे’ म्हणत महिने घालवू नका. तेवढ्यात ल्युकेमिया परत येतो.