क्युटिकल कुठलं आणि जिवंत कातडी कुठली? डिप पावडर लिफ्ट होतं त्याचं बरंचसं कारण इथेच आहे

डिप पावडर (नखाला गोंदासारखा बेस लावून वर पावडरचा कडक थर बसवतात ते) करून चार-पाच दिवस झाले की क्लायंटचा मेसेज येतो, "ताई, केस विंचरताना नखात केस अडकतोय". सलॉनमध्ये काम करणाऱ्यांना लगेच कळतं, नखाच्या मुळाकडच्या कडेला डिप सुटायला लागलंय, म्हणजेच लिफ्ट होतंय. मग आपण काय करतो तर बॉन्ड (बेसच्या आधी नखावर लावायचं लिक्विड) बदलतो, बेस बदलतो, महागातली पावडर मागवतो, मीपण सुरुवातीला हेच केलं, बाटल्यांवर पैसे घातले आणि लिफ्टिंग जिथल्या तिथे, कारण घोळ बाटलीत नव्हताच, मी ज्याला क्युटिकल समजून रोज कापत होते ते क्युटिकल नव्हतंच.

आपण बोलताना नखाच्या मुळाशी जे काही कातडीसारखं दिसतं त्या सगळ्यालाच क्युटिकल म्हणतो. तिथे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे बोटाच्या कातडीची जी घडी नखावर येऊन संपते ती कड, नेल टेक्निशियन तिला एपोनिकियम म्हणतात. ती जिवंत असते, कापली की दुखते, रक्त येतं. दुसरं म्हणजे खरं क्युटिकल, याच घडीच्या खालच्या बाजूने सुटलेली मेलेली कातडी, जी पातळ पापुद्र्यासारखी नखाला चिकटून बसते आणि नख वाढेल तशी त्याच्याबरोबर पुढे सरकत येते. हा पापुद्रा जवळजवळ पारदर्शक असतो म्हणून ओल्या नखावर दिसतच नाही, नख कोरडं करून पुशर (कातडी मागे सारायची बोथट पट्टी) हलक्या हाताने फिरवला की पांढरा भुगा निघतो ना, ते क्युटिकल. (मेडिकलच्या काही पुस्तकांत हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात, त्यामुळे ज्यांचा गोंधळ होतो त्यांची काही चूक नाही.)

आता डिपमध्ये याने एवढा फरक का पडतो? डिपचा बेस म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, घरातल्या फेव्हिक्विकच्याच खानदानातला. तो ज्याच्यावर लावाल त्याला घट्ट धरतो, पण त्याच्याखाली काय आहे हे तो बघत नाही. पापुद्रा राहिला असेल तर बेस नखाला न धरता पापुद्र्याला धरतो, आणि पापुद्राच मुळात सुटणारी चीज आहे, तो सुटला की वरचं डिपसकट उचललं जातं. भिंतीचे पोपडे न खरवडता वरून रंग मारला तर काय होतं, तेच.

एपोनिकियमचं गणित उलटं आहे. तिथे काही काढायचं नाहीये, तिथे बेस पोचूच द्यायचा नाहीये. बेस कातडीवर गेला, वर पावडर बसली, अ‍ॅक्टिव्हेटरने कडक झाली, की कातडी आणि नख यांच्यात एक पूल तयार होतो. कातडी मऊ, सारखी हलणारी, तिचं तेल सुटणारं. कणीक मळताना, भांडी घासताना ती ओढली जाते आणि पुलाचं नखाकडचं टोकही उचकटतं. म्हणून पहिल्या कोटला कातडीपासून साधारण 1 मिमी जागा सोडायची, ब्रश बाटलीच्या तोंडाशी नीट निपटून घ्यायचा, आणि चुकून बेस कडेला गेलाच तर पावडर टाकायच्या आधी ऑरेंज स्टिकने (बारीक लाकडी काडीने) पुसून काढायचा, नंतर फाइल करू म्हटलं की झालंच.

आणि एपोनिकियम कापलं तर? बऱ्याच जणी "क्लीन लुक" म्हणून निपरने (कातडी कापायच्या छोट्या पकडीने) ती कडच उडवतात. जखम झाली की ओल सुटते, त्या ओलीवर काही धड चिकटत नाही, वर ती कड भरून येताना जाड आणि खरखरीत होते म्हणजे पुढच्या वेळी अजून कापावंसं वाटतं. शिवाय त्या कडेचं काम म्हणजे नखाच्या मुळाशी घाण जाऊ न देणं, तेच दार उघडं टाकलं की नखुरडं व्हायला वेळ लागत नाही. निपर फक्त सुटून उभ्या राहिलेल्या मेलेल्या कातडीला, बस.

क्युटिकल काढायला मी आता हात पाण्यात भिजवत नाही. नख पाणी पितं, थोडं फुगतं, आणि डिप झाल्यावर वाळून परत बसतं तेव्हा वरचा थर तसाच ताठ राहतो. क्युटिकल रिमूव्हर वापरलाच तर तो अल्कलाइन असतो, बहुतेक त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, त्यामुळे धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं होईपर्यंत पुढे जायचं नाही. मग पुशर, कोपऱ्यांसाठी ई-फाइल (विजेवर फिरणारी कानस) कमी स्पीडवर, 180 ग्रिटच्या बफरने फक्त चकाकी जाईल एवढंच, भुगा झटकायचा आणि मग बॉन्ड. बॉन्ड तेल आणि ओल घालवतो, पापुद्रा नाही घालवत, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर नखाला बोट लावायचं नाही, क्लायंटनेही नाही, आणि त्यांना नेमकं तेव्हाच केस मागे घ्यायचे असतात!

कुठली चूक झाली हे सुटलेल्या तुकड्यावरून बऱ्याचदा ओळखता येतं. खालच्या बाजूला पांढरट पापुद्रा चिकटून आला असेल तर क्युटिकल राहिलं होतं. कडेला जाड ओठ असेल आणि सुटायची सुरुवात बरोबर कातडीपाशी असेल तर बेस कातडीवर गेला होता. फक्त तो तुकडा उपटून बघू नका, नखाचे थर निघतात, अ‍ॅसिटोनमध्येच काढा. आणि वरून गोंद भरून दाबूही नका, आत पाणी अडकलं की नख हिरवं पडतं, ते बॅक्टेरियाचं काम असतं.

एक राहिलंच. तीन आठवड्यांनी क्लायंट मागची मोकळी जागा दाखवून म्हणते डिप सुटलं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिमी वाढतं, म्हणजे तेव्हा 2 मिमीची फट दिसणारच. कडेवरून बोट फिरवा, केस फिरवा, अडकत नसेल तर ती नुसती वाढ आहे, तिला सरळ पुढची अपॉइंटमेंट द्या.