फुलांच्या रोपांसाठी पॉलिहाऊस-शेडनेटचं अनुदान: अर्ज नेमका कुठे अडकतो

दसऱ्याच्या झेंडूचं बी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला ट्रेमध्ये पडावं लागतं. त्या पावसात उघड्यावरची रोपं कोलमडतात, म्हणून पॉलिहाऊस हवं. ते जूनमध्ये उभं हवं असेल, तर कागदांची तयारी आदल्या हिवाळ्यातच सुरू करा. मे महिन्यात धावपळ करणाऱ्यांचा हंगाम हमखास हुकतो.

पहिली चूक योजना निवडण्यातच होते. नावात ‘रोपवाटिका’ दिसली की लोक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत अर्ज टाकतात. ती भाजीपाला रोपांसाठी आहे. फुलवाल्यांनी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात ‘संरक्षित शेती’खाली हरितगृह किंवा शेडनेटगृह निवडायचं.

शेतकरी ओळख क्रमांक आता सक्तीचा आहे, तो आधी काढा. अर्ज भरायला फारसा वेळ लागत नाही, शुल्क 23 रुपये 60 पैसे. 2025-26 पासून सोडत बंद झाली, आता आधी येणाऱ्याला आधी लाभ. त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात भरू’ म्हणणं महागात पडतं.

आता सातबारा. पाण्याची सोय दाखवावी लागते. विहीर शेतात डोळ्यांसमोर असते, मोटार चालू असते, पण गाव नमुना 12 मधला ‘जलसिंचनाचे साधन’ हा रकाना कोरा! कार्यालयात विहीर बघत नाहीत, रकाना बघतात. अर्ज टाकण्याआधीच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, नोंदीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसत्या तोंडी सांगण्यावर ही नोंद महिनोन्‌महिने रखडते आणि त्याची शिक्षा शेतकऱ्याने भोगायची, हे मला अजिबात पटत नाही.

जमीन सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. बहीण लग्न होऊन परगावी असते, तिची सही राहून जाते. ती सणासुदीला माहेरी आली की तेव्हाच करून घ्या. आधारवर ‘बाळासाहेब’ आणि सातबाऱ्यावर ‘बाळू’ असेल तर तेही आधी दुरुस्त करा.

आठ-अ, कोटेशन, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमातींसाठी) हे नेहमीचेच. संरक्षित शेतीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मात्र बहुतेकांकडे नसतं, आणि प्रशिक्षणाची तुकडी आपल्या सोयीने लागत नाही. निवड होण्याची वाट न पाहता ते करून ठेवा.

निवडीचा मेसेज आला की कागद अपलोड करायची मुदत थोडी असते. नंबर मुलाचा दिलेला असतो, मुलगा पुण्यात, मेसेज वाचलाच जात नाही आणि अर्ज रद्द. स्वतःचा नंबर द्या, पोर्टलवरही अधूनमधून बघत राहा.

सगळ्यात कळकळीची गोष्ट: पूर्वसंमती, म्हणजे काम सुरू करायची लेखी मंजुरी, मिळेपर्यंत एकही पाइप रोवू नका. ‘मंजुरी येतेच आहे, काम सुरू करा’ असं ठेकेदार सांगेल. पूर्वसंमतीआधी केलेलं काम अनुदानात धरत नाहीत, मग कितीही विनवा. काम पूर्ण करण्याची मुदत पूर्वसंमतीच्या पत्रावरच्या तारखेपासून धरा. पत्र उशिरा हातात पडलं म्हणून दिवस वाढतील, असं गृहीत धरू नका.

पैसे ठेकेदाराला रोख देऊ नका. स्वतःच्या खात्यातून द्या आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. अनुदान 50 टक्के, पण ते सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर, तुमच्या बिलावर नव्हे. शिवाय ते काम झाल्यावर, मोका तपासणीनंतर मिळतं. तोवरचा सगळा खर्च तुमचा, म्हणून कर्जाचा हिशेब अनुदान धरून मांडू नका.

रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. पासबुकाला आधार दिलेलं असलं तरी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) दुसरंच, जुनं बंद पडलेलं खातं जोडलेलं असू शकतं. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी कोणतं खातं सीड (आधारशी जोडलेलं) आहे’ असंच विचारा.